सरफोजीराजांचा वैद्यकव्यासंग

तिरुवैयारु म्हणताच त्यागराजस्वामींचे स्मरण होते. पण त्यांच्याच काळी, जवळच तंजावरास, सरफोजीराजे (१७७७–१८३२) वैद्यकात मग्न होते, हे आम्हांस तितकेच मोलाचे वाटते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. राजांनी मग धन्वंतरी महालात देशी औषधांची पारख चालविली, नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवविल्या. रक्तातील मेदाचे ज्ञान मात्र तेव्हा तुटपुंजेच होते. ज्या कोलेस्टेरॉलची आज आमच्या वयाच्या मंडळींना धास्ती, ते प्रथम पित्ताच्या खड्यांत सापडले. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याचे नामकरण केले ते राजांच्या हयातीतच. ते मानवी रक्तातही असते, हे बूदे याने दाखविले १८३३ साली. राजे आदल्याच वर्षी निवर्तले होते. त्यांच्या नेत्ररोग्यांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत.