नर्मदा ओलांडून गेलेले चिनी भिक्खू : ह्युएन त्संग

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याचे डोंगर उतरले की ती भेटते. पुढे गुजरातेत भरुचजवळ ती समुद्राला मिळते. आज ही नदी म्हटले की आपल्याला धरण आठवते, बुडालेली गावे आठवतात. पण सुमारे १३८० वर्षांपूर्वी एका चिनी भिक्खूंनी महाराष्ट्र पाहिला आणि मग हीच नर्मदा ओलांडून ते भरुचला गेले. त्या भिक्खूंचे नाव ह्युएन त्संग. चिनी उच्चार शुआनझांग.

महाराष्ट्र एके काळी बौद्धांचा होता असे आपण अभिमानाने म्हणतो. पुरावा म्हणून लेणी दाखवतो. परंतु त्या लेण्यांत आणि विहारांत किती भिक्खू राहत होते, स्तूप कुठे होते, लोक कसे होते, हे इथे येऊन पाहून लिहून ठेवणारा साक्षीदार परदेशी होता. म्हणून त्यांचे चरित्र आपल्याला माहीत असायला हवे.

शंकेने घराबाहेर काढले

ह्युएन त्संग यांचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास चीनमधील होनान प्रांतात लोयांग शहराजवळ झाला. घराणे विद्वानांचे होते. मोठे भाऊ आधीच भिक्खू झाले होते आणि लोयांगच्या विहारात राहत होते. त्यांच्यामागोमाग हा मुलगाही विहारात गेला आणि तेराव्या वर्षी श्रामणेर झाला. पुढे राजवट कोसळली, यादवी आणि दुष्काळ आला. दोघे भाऊ जीव वाचवत चेंगदूला पोहोचले. तिथे विसाव्या वर्षी त्यांची उपसंपदा झाली.

या तरुण भिक्खूंना एक अडचण सतत सतावत होती. चिनी भाषेत धम्मग्रंथांची जी भाषांतरे होती ती अपुरी होती आणि एकमेकांशी जुळत नव्हती. एक आचार्य एक अर्थ सांगत, दुसरे वेगळाच. आचार्यांच्या शब्दावर विसंबून गप्प बसणे त्यांना जमले नाही. मूळ ग्रंथ, विशेषतः योगाचारभूमिशास्त्र, भारतात जाऊन शिकायचे असे त्यांनी ठरवले. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः तपासून पाहावे ही तथागतांची शिकवण त्यांनी अशी पायांनी आचरली.

बंदी मोडून प्रवास

त्या वेळी चीनबाहेर जाण्यास बादशहाची बंदी होती. परवानगी मागितली, ती मिळाली नाही. इ.स. ६२९ च्या सुमारास ते गुपचूप निघाले. दिवसा लपायचे आणि रात्री चालायचे असा क्रम होता. सरहद्दीवरचे पहाऱ्याचे बुरूज चुकवत ते वाळवंटात शिरले. तिथे पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. चार रात्री आणि पाच दिवस घोटभर पाणी मिळाले नाही. शेवटी घोड्यानेच पाण्याची जागा शोधली.

तुर्फानच्या राजाला हे भिक्खू इतके आवडले की त्याने त्यांना कायमचे ठेवून घ्यायचे ठरवले. ह्युएन त्संगांनी अन्न सोडले. तीन दिवसांनी राजा नमला आणि त्याने पुढच्या राजांच्या नावे पत्रे, घोडे आणि माणसे दिली. तियानशान पर्वताच्या बर्फात त्यांतील कित्येक जण दगावले. समरकंद, बल्ख असे करत ते बामियानला पोहोचले. डोंगरात कोरलेल्या बुद्धाच्या दोन भव्य उभ्या मूर्ती त्यांनी पाहिल्या आणि त्यांचे वर्णन लिहिले. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या मूर्ती उडवल्या. त्या ऐन वैभवात कशा दिसत होत्या हे आज ह्युएन त्संगांच्या नोंदीतून कळते.

बोधगया आणि नालंदा

काश्मीरमध्ये दोन वर्षे शिकून ते मथुरा, कनौज, प्रयाग या वाटेने मध्यदेशात आले. गंगेवर चाच्यांनी त्यांना पकडले आणि देवीला बळी द्यायचे ठरवले; तिथूनही ते सुटले. श्रावस्ती, कपिलवस्तू, लुंबिनी, कुशिनगर, सारनाथ, वैशाली ही सगळी ठिकाणे त्यांनी पाहिली. जिथे वैभव ऐकले होते तिथे अनेकदा पडक्या भिंती आणि ओस विहार दिसले. तेही त्यांनी जसेच्या तसे लिहिले.

बोधगयेला बोधिवृक्षासमोर ते पालथे पडून रडले. तथागतांना ज्ञान झाले तेव्हा आपण कुठे होतो, इतक्या उशिरा का जन्मलो, याचे त्यांना दुःख झाले. मात्र ते रडून परत गेले नाहीत. नालंदेला जाऊन आचार्य शीलभद्रांच्या पायाशी बसले आणि एकूण सुमारे पाच वर्षे शिकले. भावना आणि अभ्यास दोन्ही एका माणसात इतक्या ताकदीने क्वचितच असतात.

महाराष्ट्रात काय पाहिले

नालंदेहून ते बंगाल, ओडिशा, आंध्र करत कांचीपुरमला पोहोचले. तिथून श्रीलंकेला जायचे होते. पण तिथला राजा मरण पावला आहे आणि दुष्काळ पडला आहे, असे तिकडून आलेल्या भिक्खूंनीच सांगितले. मग ते पश्चिमेकडे वळले आणि इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आले.

त्या वेळी इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. उत्तरेत सर्वांना जिंकणाऱ्या सम्राट हर्षाला इथे यश मिळाले नाही, हे ह्युएन त्संगांनी आवर्जून नोंदवले. इथली माणसे उंच, साधी, प्रामाणिक आणि स्वाभिमानी आहेत. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा असला तरी आधी शत्रूला कळवतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

धम्माविषयीची नोंद आपल्यासाठी सर्वांत मोलाची आहे. महाराष्ट्रात शंभराहून अधिक विहार आणि सुमारे ५००० भिक्खू होते. हीनयान आणि महायान दोन्हींचा अभ्यास चाले. म्हणजे एका विहारात सरासरी ५० भिक्खू. एवढ्या संघाला रोज भिक्षा देणारी गावे किती असतील याचा विचार करा. राजधानीच्या आत-बाहेर सम्राट अशोकाने बांधलेले पाच स्तूप होते. दगड-विटांचे बाकीचे स्तूप इतके होते की त्यांची नावे देणे शक्य नाही, असे ते सांगतात. देवांची मंदिरेही शंभराच्या घरात होती. तीही संख्या त्यांनी लपवली नाही.

राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात, खोल दरीत असलेल्या एका विहाराचे वर्णन त्यांनी केले आहे. दारात दगडी हत्ती, भिंतींवर तथागतांच्या जीवनातील प्रसंग, आत भव्य बुद्धमूर्ती. बहुतेक अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचे मानतात. हा विहार ज्यांनी उभारला असे ते सांगतात त्या अर्हतांचे नाव अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २६ मधील शिलालेखातल्या स्थविर अचल यांच्या नावाशी जुळते. लेणे क्रमांक १६ च्या दाराशी कोरलेले हत्ती आजही उभे आहेत.

महाराष्ट्रातून सुमारे १००० ली अंतर चालून, नर्मदा ओलांडून ते भरुचला पोहोचले. तिथे दहाएक विहार आणि ३०० च्या आसपास भिक्खू होते. दख्खन आणि भरुच यांच्यामध्ये आपला खानदेश आहे. व्यापारी आणि भिक्खू यांची ये-जा या पट्ट्यात फार जुनी. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, तो ह्युएन त्संगांच्या सुमारे पाचशे वर्षे आधीचा. भरुचला धर्मशाळा बांधल्याचा आणि तापीसह अनेक नद्यांवर फुकट होड्या ठेवल्याचा उल्लेख त्यात आहे. शहादा तालुक्यातील प्रकाशे येथे तापी-गोमाई संगमावर १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासून ऐतिहासिक काळापर्यंतच्या वस्तीचे थर सापडले. वाटा होत्या, होड्या होत्या, वस्त्या होत्या. हा प्रदेश कधीच इतिहासाबाहेर नव्हता.

जे दिसले ते लिहिले

ह्युएन त्संग भारताचे कौतुक करायला आले होते. तरीही इथला अन्याय त्यांनी झाकला नाही. खाटीक, कोळी, फाशी देणारे, सफाई करणारे यांची घरे खुणा करून वेगळी ठेवलेली असत, त्यांना नगराबाहेर राहावे लागे आणि वस्तीत येताना रस्त्याच्या डाव्या कडेने अंग चोरून चालावे लागे, अशी त्यांची नोंद आहे.

या चार ओळींचे वजन पुढे बाबासाहेबांनी ओळखले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यता नेमकी कधी सुरू झाली याचा शोध घेताना त्यांनी चिनी प्रवाशांच्या नोंदी तपासल्या. त्यात ह्युएन त्संगांची साक्ष महत्त्वाची ठरली. अस्पृश्यता अनादी काळापासून नाही, ती इ.स. ४०० च्या सुमारास जन्मली, या निष्कर्षापर्यंत ते पोहोचले. जिला सुरुवात आहे तिला शेवटही असू शकतो. एका भिक्खूने प्रामाणिकपणे लिहिलेल्या ओळी तेराशे वर्षांनी आपल्या मुक्तीच्या लढ्यात कामी आल्या.

परतले आणि पॅगोडा बांधला

परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना होडी डगमगली आणि सुमारे ५० हस्तलिखिते वाहून गेली. त्यांच्या नव्या प्रती मिळवण्यासाठी ते थांबले. इ.स. ६४५ मध्ये चांगआनला पोहोचले तेव्हा २० घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. ज्या बादशहाची बंदी मोडून ते गेले होते त्यानेच त्यांचे स्वागत केले आणि राजदरबारात पद देऊ केले. त्यांनी ते नाकारले. बादशहाच्या सांगण्यावरून मात्र ६४६ मध्ये प्रवासवृत्त पूर्ण केले.

आणलेले ग्रंथ आगीपासून वाचावेत म्हणून ६५२ मध्ये त्यांनी चांगआनला, म्हणजे आजच्या शिआन शहरात, विटांचा पॅगोडा बांधून घेतला. त्याची घडण भारतीय स्तूपाच्या धर्तीवर होती. पन्नाशीतले ह्युएन त्संग त्या बांधकामावर स्वतः विटा वाहत होते. पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. आज तो सात मजली, सुमारे ६४ मीटर उंच आहे आणि जगभरचे प्रवासी तो पाहायला जातात. गोराईच्या विश्व विपश्यना पॅगोडामुळे हा शब्द आता आपल्याही घरात आला आहे. पण पॅगोडा हा आपल्याच स्तूपाचा पूर्वेकडे गेलेला भाऊ आहे, हे लक्षात ठेवावे.

उरलेली १९ वर्षे त्यांनी भाषांतर केले. ७५ ग्रंथ, १३३५ गुंडाळ्या. महाविभाषेसारखे ग्रंथ भारतात नष्ट झाले आणि त्यांच्या चिनी भाषांतरातच टिकले. इ.स. ६६४ मध्ये त्यांचे निर्वाण झाले.

आपण काय घ्यायचे

भारतातून धम्म मागे हटला, विहार मातीखाली गेले, नालंदा कुठे होते हेही लोक विसरले. एकोणिसाव्या शतकात ह्युएन त्संगांच्या प्रवासवृत्ताचे फ्रेंच भाषांतर झाले. १८६१ पासून अलेक्झांडर कनिंगहॅम त्यातील दिशा आणि अंतरे मोजत उत्तर भारतात फिरले आणि हरवलेली बौद्ध स्थळे एकेक करून ओळखली गेली. आज आपण ज्या बोधगया, कुशिनगर, श्रावस्तीच्या सहली काढतो, त्यांच्या नकाशामागे या भिक्खूंच्या वहीचा मोठा हात आहे.

महाराष्ट्रातील त्या पाच अशोक स्तूपांवर मात्र आजही कुणी बोट ठेवू शकत नाही. शंभर विहारांपैकी कितीतरी शेताखाली, गावठाणाखाली, कदाचित धरणाच्या पाण्याखाली असतील. काही लेण्यांवर दुसरीच नावे चढली आहेत.

आपले लोक लेण्यांवर जातात, वंदना घेतात, फोटो काढतात. ते चांगलेच आहे. त्याबरोबर वहीही न्यावी. लेण्याची दिशा कोणती, गावापासून अंतर किती, खोल्या किती, स्तूप आहे का, शिलालेख कुठे आहे, तोडफोड काय झाली, हे तारीख घालून लिहावे. गावातल्या पांढरीच्या टेकाडाबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारावे. नवी मूर्ती किंवा जुनी वीट सापडली तर ती न हलवता पुरातत्त्व विभागाला कळवावे. शिकलेल्या मुलामुलींनी धम्मलिपी शिकून घ्यावी. हे काम करायला वाळवंट ओलांडावे लागत नाही. तालुक्याची एसटी पुरते.

भाषा परकी, देश परका, डोक्यावर बंदी, तरी एका माणसाने आपला वारसा पाहिला, मोजला आणि लिहून ठेवला. तो वारसा ज्यांचा आहे त्यांनी निदान आपल्या तालुक्याची नोंद तरी पुढच्या पिढीच्या हाती द्यावी.

नमो बुद्धाय! जय भीम!