विश्लेषण : बंदी स्त्रीचा मुलगा रोमचा राजा कसा झाला?

रोम फक्त रोमन लोकांनी घडवले का? सर्व्हियस टुलियसची कहाणी वाचली, तर उत्तर ‘नाही’ असेच येते. परंपरेनुसार तो रोमच्या सात राजांपैकी सहावा. त्याचा काळ इ.स.पू. ५७८ ते ५३५ असा सांगितला जातो.

तो राजवाड्यात कसा आला?

रोमने कॉर्निक्युलम हे लॅटिन गाव जिंकले, तेव्हा ओक्रिसिया बंदी म्हणून रोमला आली. तिचा मुलगा सर्व्हियस राजा टार्क्विनियस प्रिस्कसच्या घरी वाढला. हा राजाही बाहेरचाच. तो एट्रुस्कन प्रदेशातून आलेला, तर त्याचे वडील ग्रीसमधील कॉरिंथचे. झोपलेल्या सर्व्हियसच्या डोक्याभोवती ज्वाळा दिसल्या, तरी त्याला इजा झाली नाही, अशी आख्यायिका आहे. हा शुभसंकेत मानून राणी टॅनाक्विलने त्याला जावई करून घेतले. पुढे राजाची हत्या झाली. राणीने ती बातमी दडवून ठेवली आणि सत्ता सर्व्हियसकडे आली.

त्याने काय केले?

नागरिकांची मोजणी आणि मालमत्तेची नोंद सुरू करण्याचे श्रेय त्याला दिले जाते. ऐपतीनुसार पाच वर्ग ठरले. श्रीमंतांनी महागडी शस्त्रे बाळगायची आणि मतदानातही त्यांचेच वजन जास्त. ‘सेन्सस’ हा शब्द याच लॅटिन परंपरेतला. मात्र ही पूर्ण रचना नंतरच्या काळात हळूहळू घडली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

शेवट कसा झाला?

जावई टार्क्विनियसने त्याची हत्या घडवून गादी बळकावली. सख्ख्या मुलीने, टुलियाने, बापाच्या मृतदेहावरून रथ नेला, असे परंपरा सांगते.

खरा सर्व्हियस कोण?

इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने सिनेटमध्ये वेगळीच माहिती दिली. एट्रुस्कन लेखकांच्या मते सर्व्हियस म्हणजे मास्टार्ना हा लढवय्या. हे भाषण कोरलेला कांस्यपत्रा फ्रान्समधील लिऑन येथे १५२८ मध्ये सापडला. १८५७ मध्ये इटलीतील वुल्ची येथील थडग्यात मास्टार्नाचे भित्तिचित्रही मिळाले. त्यात तो साथीदाराचे बंध कापताना दिसतो.

क्लॉडियसने हा दाखला का दिला?

गॉलमधील प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये घ्यावे की नाही, यावर वाद पेटला होता. परके राजे चालले, मग परके सिनेटर का नकोत, असा त्याचा मुद्दा होता. सर्व्हियसच्या जन्माच्या दोन्ही कथा जुळत नाहीत, पण दोन्हींत तो बाहेरूनच येतो. क्लॉडियसचे म्हणणे मान्य झाले आणि गॉलमधील एडुई जमातीला सर्वप्रथम सिनेटची दारे उघडली.