प्रश्न थंडाव्याचा नव्हता

वातानुकूलन म्हणजे गारवा, असा समज रूढ आहे. विलिस कॅरियर यांच्यापुढे प्रश्न होता तो हवेतील बाष्पाचा. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, कोरड्या हवेत आक्रसे आणि एकावर एक छापावयाचे रंग जागा सोडीत. आदल्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातून बाहेर पडलेल्या या पंचविशीच्या अभियंत्याकडे ते काम आले. पुढे पिट्सबर्गच्या धुकट रेल्वे फलाटावर त्यांना उलगडा झाला: धुके म्हणजे बाष्पाने संपृक्त हवा; संपृक्ततेचे तापमान हाती ठेवले, की बाष्पाचे प्रमाणही हाती राहते. हवा कोरडी करण्यासाठी तीत पाण्याचेच तुषार सोडावयाचे, हे विपरीतच वाटावे! परंतु गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, त्याप्रमाणे दवबिंदूहून थंड तुषारांवर बाष्प जमून गळून जाते. १९०६ साली त्यांना पेटंट मिळाले. तापमान, आर्द्रता व दवबिंदू यांचे नाते सांगणारी सूत्रे १९११ साली त्यांनी अमेरिकेतील यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे खुली मांडली. धंद्याचे गुपित म्हणून ती दडपली नाहीत, हे विशेष. १९१५ साली सहा सहकाऱ्यांसह त्यांनी कंपनी काढली. १९५० साली ते निवर्तले. आर्द्र हवेचे गणित मांडताना अभियंते आजही तसाच आलेख उघडतात.