एडिसनची बॅटरी गाडीत हरली, पण कॅम्पमध्ये चालली!

एडिसन म्हटलं की बल्ब आठवतो. पण या गड्याने आयुष्यातली जवळपास दहा वर्षं एका बॅटरीपायी घालवली, हे फार कमी जणांना माहीत असतं.

थॉमस एडिसनचा जन्म १८४७ चा, अमेरिकेतल्या ओहायोचा. शाळा जेमतेम काही महिन्यांची. १९०० च्या सुमारास इलेक्ट्रिक गाड्या शिसं आणि ॲसिडच्या जड बॅटऱ्यांवर धावायच्या. एडिसनने त्याऐवजी निकेल आणि लोखंडाची बॅटरी बनवली. पण १९०३ मध्ये बाजारात आलेल्या बॅटऱ्या गळायला लागल्या. त्याने उत्पादन थांबवलं, पुन्हा प्रयोग केले आणि १९१० च्या आसपास दणकट बॅटरी आणली.

तोवर पेट्रोलच्या गाड्या पुढे गेल्या होत्या. १९१२ मध्ये कॅडिलॅकने हँडल न मारता सुरू होणारी गाडी आणली. इंजिन फिरवायला एका झटक्यात प्रचंड करंट लागतो. शिशाची बॅटरी तो देते, एडिसनची देत नव्हती. थंडीत तर नाहीच.

मग ती चालली कुठे? खाणकामगारांच्या दिव्यांत, रेल्वे सिग्नलला आणि चक्क कॅम्पिंगला! हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोनसोबत एडिसन गाड्यांचा ताफा घेऊन रानात मुक्काम करायचा. तिथे दिवे लागायचे ते याच बॅटऱ्यांवर.

१९३१ मध्ये एडिसन गेला, पण हिशोब आजही तोच आहे. पुढच्या ट्रकला झटका देणारी स्टार्टिंग बॅटरी, तर मागच्या ट्रेलरमधल्या दिव्या-पंख्याला तासन्‌तास पुरणारी डीप सायकल बॅटरी. बॅटरी बदलताना आधी काम बघा, मग किंमत.