औंधचे राजे आणि पोटाचे स्नायू

हल्ली आठवी-नववीतल्या मुलांच्या तोंडी 'सिक्स पॅक' हा शब्द सर्रास ऐकू येतो. कुणी रात्री पाठीवर झोपून शंभर वेळा उठतो, कुणी डबा न खाताच घरी परत नेतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजपुत्रालाही बलदंड शरीराचा असाच ध्यास लागला होता.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. सातारा जिल्ह्यातील औंध ही त्यांची राजधानी, पण संस्थानाचे गुणदाळ हे ठाणे आपल्या विजापूरकडे होते. त्या काळी युजेन सँडो या जर्मन मल्लाच्या पिळदार शरीराची छायाचित्रे जगभर गाजत होती. भवानरावांनी १८९७ साली त्याचे पुस्तक व व्यायामाची साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. दहा वर्षे! आपला उत्साह बहुधा दहा दिवसांत मावळतो.

पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सल्ल्याने त्यांनी साधने बाजूला ठेवून सूर्यनमस्कार धरले, ते कायमचेच. यात पोटाचे काम बघण्यासारखे आहे. मागे वाकताना पोट ताणले जाते, पुढे वाकताना आकसते आणि पाय मागे टाकून शरीर फळीसारखे धरले की कंबर खाली झुकू न देण्याचा भार पोटाच्या स्नायूंवरच येतो. आज बारा स्थिती शिकवतात, त्यांच्या पद्धतीत दहा होत्या.

नुसत्या नमस्कारांवर मात्र त्यांची भिस्त नव्हती. असडीचा तांदूळ, कोंड्यासकट पीठ, कच्च्या भाज्या, दूध यांचा त्यांनी पुरस्कार केला आणि चहा, कॉफी, तंबाखू टाळायला सांगितले. (आपल्या धारवाडी पेढ्याबद्दल त्यांना न विचारलेलेच बरे!) आजचे शास्त्रही आहारावर बोट ठेवते. पोटाचे स्नायू सर्वांनाच असतात, पण ते चरबीखाली झाकलेले असतात, आणि फक्त पोटाचा व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी उतरत नाही. वाढत्या वयात उपाशी राहिले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पालकांनी परत आलेल्या डब्याकडे लक्ष द्यावे ते यासाठीच.

१९०९ साली गादीवर आल्यावर भवानरावांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. राजाज्ञेचा व्यायाम किती मुलांना गोड लागला असेल, ही शंका रास्त आहे. पण राजा स्वतः रोज पहाटे तेच करीत होता आणि राणीसाहेबही करीत होत्या, त्यामुळे तक्रारीला जागा थोडीच उरली असणार.

१९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांची प्रकृती पाहून लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या पद्धतीवर लेख लिहिले व १९३८ मध्ये लंडनला त्यांचे इंग्रजी पुस्तक संपादित करून काढले. लगेच १९३९ मध्ये याच राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. त्या राज्यघटनेला गांधीजींचे मार्गदर्शन होते. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते निवर्तले.