चांदबीबी : चित्रातली आणि इतिहासातली

घोड्यावर बसलेली राणी, हातावर ससाणा, सोबत पायी चालणारे सेवक. चांदबीबी सुलतानाचं हे चित्र आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. दख्खनी शैलीतल्या अशा चित्रांपैकी एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. ते साधारण १७०० सालचं, म्हणजे तिच्या इंतकालानंतर शंभर वर्षांनी काढलेलं. चित्रकाराने तिला पाहिलंच नव्हतं. म्हणून त्यात तिचा खरा चेहरा शोधू नये. लोकांच्या आठवणीत ती कशी उरली, ते पाहावं. शिकारी ससाणा हातावर घेणं ही बादशहांची शान. चित्रकाराने ती एका बाईला दिली, यातच सगळं आलं.

चांदबीबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. तिची वालिदा खुंझा हुमायून हिनेही मुलाच्या लहानपणी राज्य सांभाळलं. पुढे त्याच मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्या काळचं एक सचित्र फारसी हस्तलिखित आहे. त्यातल्या चित्रांत हुसेनशहाशेजारी बसलेली ही राणी अनेक ठिकाणी नंतर पुसून टाकलेली दिसते. आईचं चित्र पुसलं गेलं, मुलीचं मात्र पुन्हा पुन्हा काढलं गेलं.

चांदबीबीचा निकाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला. १५८० मध्ये त्याचा खून झाला, तेव्हा गादीवर आलेला इब्राहिम जेमतेम नऊ वर्षांचा होता. कारभार तिच्याकडे आला. किश्वरखान या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं, पण त्याचंच राज्य टिकलं नाही आणि ती सुटली.

१५९५ मध्ये शहजादा मुरादच्या मुघल फौजेने अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला. चांदबीबी स्वतः त्या खिंडारावर उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली गेली. पण उपाशी किल्ला किती दिवस लढणार? १५९६ मध्ये तिने वऱ्हाड देऊन तह केला आणि अहमदनगर वाचवलं. आपल्या हिंगोलीला लागून असलेला वाशिमचा मुलूख वऱ्हाडातलाच. म्हणजे हा सौदा आपल्या दारातला होता.

१६०० मध्ये मुघल परत आले. घरात फूट, बाहेर फौज. पुन्हा तह करून माणसं वाचवावीत, असा तिचा विचार होता. तेवढ्यात ती शत्रूला मिळाली अशी आवई उठवली गेली, आणि आपल्याच लोकांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात तिची तलवार सांगतो, तह सांगायचा राहून जातो. मुलींना दोन्ही सांगायला हवं. आणि मुलांना तर हे नक्की सांगावं, की जे काम मुघलांच्या सुरुंगाला जमलं नाही, ते न तपासलेल्या एका खबरीने केलं. आज अशी खबर मोबाईलवर एका बोटाने पुढे जाते.