भूगंधर्व रहिमतखाँ आणि त्यांचे गुरुबंधू

ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीची परंपरा सांगताना आपण नत्थन पीरबक्षांपासून आरंभ करतो, हस्सूखाँ, हद्दूखाँ आणि नत्थूखाँ यांच्यापाशी आदराने थांबतो आणि मग शिष्यशाखांकडे वळतो. वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर, ही नावे आपल्या घरांतून लहान मुलांनाही पाठ असत. पण हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांचे नाव निघाले की बोलणारा थोडा अडखळतो. आवाज गंधर्वाचा होता पण डोके ठिकाणावर नव्हते, एवढे सांगून तो पुढे जातो. रहिमतखाँचे चरित्र एवढ्या एका वाक्यात उरकण्यासारखे नाही. ते ज्यांच्यामुळे शेवटपर्यंत गात राहिले ते विष्णुपंत छत्रे तर त्या वाक्यात कुठेच येत नाहीत.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे नाव पुष्कळांना ठाऊक आहे ते पहिल्या हिंदी सर्कशीचे जनक म्हणून. हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोप हे त्यांचे गाव. जन्म 1840 च्या सुमाराचा. त्यांना दोन वेडे होती, गाण्याचे आणि घोड्याचे. त्या काळी या दोन्ही विद्या एकाच गावी मिळायच्या तर ते गाव आमचे ग्वाल्हेर. जयाजीराव शिंद्यांच्या कारकीर्दीत दरबारी हद्दूखाँसारखे गवई होते आणि अश्वविद्येत नाणावलेले बाबासाहेब आपटे होते. दक्षिणेतून मराठी मुलगा विद्येसाठी ग्वाल्हेरीस येतो, हे तेव्हा नवलाचे नव्हते. बाळकृष्णबुवाही असेच पायपीट करीत आले होते. विष्णुपंतांनी आपट्यांच्या हाताखाली घोडा शिकला आणि हद्दूखाँच्या घरी गाणे.

दोन्ही विद्यांची शिस्त मुळात एकच आहे, असे मला शिकवताना नेहमी वाटते. जनावराला आणि गळ्याला दोघांनाही जबरदस्ती चालत नाही आणि मोकाट सोडलेलेही चालत नाही. लगाम हातात असावा पण तो जाणवू नये. हद्दूखाँच्या घरातली तालीम म्हणजे वर्षानुवर्षांची घासणी. शागिर्दाने घरची कामे करावीत, उस्ताद गात असता कान देऊन बसावे आणि जे पदरात पडेल ते जपावे, असा तो काळ होता. त्याच घरात उस्तादांचा धाकटा मुलगा रहिमत वाढत होता. विष्णुपंतांपेक्षा तो वयाने बराच लहान. एक घरचा मुलगा, दुसरा परगावाहून आलेला ब्राह्मण शागिर्द. पण उस्तादापुढे बसल्यावर दोघेही गुरुबंधू. गुरुबंधूचे नाते रक्ताच्या नात्याहून निराळे असते. त्यात वाटणी नसते, कारण जे मिळाले ते दोघांनाही पुरून उरलेले असते.

पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. विष्णुपंत दक्षिणेत परतले आणि कुरुंदवाड संस्थानात घोड्यांची व्यवस्था पाहू लागले. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळचे हे पटवर्धनांचे छोटेसे संस्थान. 1879 साली इटालियन सर्कसवाला कियारिनी आपला तांडा घेऊन मुंबईस आला. संस्थानच्या अधिपतींबरोबर विष्णुपंत तो खेळ पाहण्यास गेले. हिंदी लोकांना असा खेळ उभारणे इतक्यात साधणार नाही, असे कियारिनीने बोलून दाखविले आणि ते विष्णुपंतांच्या मनाला लागले, असे सांगतात. घोडा त्यांना येतच होता. पुढच्याच वर्षी, 1880 मध्ये, त्यांची सर्कस उभी राहिली. थोड्याच काळात तिचे तंबू देशभर पडू लागले. समुद्र ओलांडून ती सिलोनपर्यंत आणि त्याही पलीकडे आग्नेय आशियात गेली. केरळात तलशेरीस मुक्काम पडला तेव्हा तिथल्या कीलेरी कुञ्ञिकण्णन या तालीमबाजाशी विष्णुपंतांची ओळख झाली, आणि त्यातूनच पुढे केरळ हे सर्कशीतील कसरतपटूंचे माहेर बनले. गाणे शिकण्यासाठी घर सोडलेला तरुण चाळिशी ओलांडेपर्यंत एका मोठ्या संसाराचा धनी झाला होता. त्या संसारात माणसे होती, घोडे होते, वाघसिंह होते, आणि रोज सर्वांचे पोट भरावे लागत होते.

रहिमतखाँचे नशीब उलट दिशेने गेले. वडिलांच्या हाताखाली तयार झालेला तो गळा घराण्याचा वारस ठरायचा. बाजूला तसेच तोलामोलाचे नातेवाईक होते. बीनकार बंदेअलीखाँ आणि सहसवानचे इनायतहुसेनखाँ हे दोघेही हद्दूखाँचे जावई. थोरले बंधू छोटे महंमदखाँ यांची तान तर वडिलांच्या तोडीची मानली जाई. पण 1875 मध्ये हद्दूखाँ गेले, थोरले बंधूही गेले, आणि रहिमतखाँचा आधारच खचला. मूळचेच हळवे मन. त्यात अफूची सवय लागली. भान सुटत गेले आणि खाँसाहेब घर सोडून भटकू लागले.

दरबारी गवयाच्या घरात जन्मलेल्याला यातले मर्म कळते. दरबारचा आश्रय ही फार मोठी सावली असते, पण ती एका माणसाची असते. तो माणूस गेला की सावलीत वाढलेल्यांना ऊन म्हणजे काय ते प्रथमच समजते. माझे वडील दरबारी नोकरीत होते. त्यांच्या बरोबरीच्या लोकांची मुले मी पाहिली आहेत. गळा होता, विद्या होती, पण बाजारात जाऊन भाजी कशी आणावी हेदेखील ज्यांना कोणी शिकवले नव्हते, अशी ती मुले. रहिमतखाँची कथा ऐकताना मला ती आठवतात.

विष्णुपंतांची सर्कस काशीस गेली असता त्यांना रहिमतखाँ सापडले. या भेटीच्या हकीकती निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येक सांगणाऱ्याने तीत आपले तिखटमीठ घातले आहे. ते सगळे बाजूला काढले तरी उरते ते असे. खाँसाहेब रस्त्यावर, फाटक्या कपड्यांत, भिक्षेवर जगत होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हा कोण आहे याची दाद नव्हती. विष्णुपंतांनी त्यांना ओळखले. कपड्यांत आणि चेहऱ्यात ओळखण्यासारखे फारसे राहिले नव्हते. पण जो हद्दूखाँपाशी बसला आहे त्याला त्या घरचा सूर कानावर पडल्यावर दुसरी खूण लागत नाही.

वयाच्या या टप्प्यावर जुने सोबती भेटतात तेव्हा बहुधा काय होते हे आपण जाणतो. दोघेही एकमेकांची परिस्थिती डोळ्यांनी मोजतात. वर चढलेला थोडा सैल होतो, खाली राहिलेला थोडा आखडतो. जुन्या आठवणी निघतात, चहा होतो, पुन्हा भेटण्याचे ठरते आणि ते ठरलेलेच राहते. विष्णुपंतांनाही चार रुपये हातावर ठेवून, ग्वाल्हेरीस पत्र टाकून मोकळे होता आले असते. त्यात कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. खाँसाहेबांना न्हाऊमाखू घातले, कपडे दिले आणि आपल्याबरोबर घेतले ते कायमचे. सर्कशीच्या तांड्यात एक माणूस वाढला.

त्यापुढची वर्षे ही आपल्या संगीताच्या इतिहासातील एक चमत्कारिक पर्व आहे. सर्कस ज्या गावी जाई तिथे रहिमतखाँचे गाणेही होई. ज्या गावांनी ग्वाल्हेरचा ख्याल कधी ऐकला नव्हता त्यांनी तो सर्कशीच्या मुक्कामात ऐकला. खाँसाहेब व्यवहारात लहान मुलासारखे झाले होते. बोलणे असंबद्ध, स्वतःच्याच तंद्रीत. मैफलीत छत्र्यांपैकी कोणीतरी शेजारी बसे. काय गायचे आणि कुठे थांबायचे ते सांगावे लागे, असे जुन्या लोकांनी सांगून ठेवले आहे. पण षड्ज लागला की वेडाचा मागमूस नसे. ताल चुकत नसे, रागाची वाट सुटत नसे. मन कितीही विसकटले तरी लहानपणी घासून बसवलेली विद्या त्याच्याही खाली कुठेतरी शाबूत राहते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. पाठांतराचा कंटाळा करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

त्यांच्या गाण्याची जात वडिलांपेक्षा वेगळी होती. हद्दूखाँचे गाणे म्हणजे भरदार आवाज, गमकेचा दणका आणि छाती दडपून टाकणारी तान. रहिमतखाँचा आवाज बारीक, टोकदार आणि अतिशय गोड. तार सप्तकात तो सहज जाई आणि तिथे सुखाने राही. ग्वाल्हेरची सरळ, सपाट तान त्यांच्या गळ्यातून निघे ती पाण्यावरून वारा जावा तशी. लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले ते यामुळेच. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीमखाँवर या गाण्याचा फार परिणाम झाला. किराणा गायकीतला तो आर्त, स्वरावर रेंगाळणारा लडिवाळपणा ज्यांना आवडतो त्यांनी त्याचे एक मूळ ग्वाल्हेरच्या या मुलात आहे हे ध्यानात ठेवावे. अखेरच्या काळात रहिमतखाँच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. गळा थकलेला, यंत्र जुने आणि गाण्याला जेमतेम तीन मिनिटे. तरीही त्यातला सूर ऐकून बसल्या जागी उठवत नाही.

आता एक शंका रास्त आहे. विष्णुपंत धंदेवाईक माणूस. खाँसाहेबांच्या गाण्याला तिकिटे लागत, पैसा येई. मग हा उपकार की व्यवहार? मला वाटते, व्यवहार होताच, आणि तो असणे चांगलेच होते. नुसत्या दयेवर ठेवलेला कलावंत घरात आश्रित होतो. जो गाऊन मिळवतो तो घरचा होतो. शिवाय हिशेबाचा शेवट पाहावा. विष्णुपंत 1905 मध्ये वारले. व्यवहारच असता तर तो तिथे संपला असता. पण त्यांचे बंधू काशीनाथपंत यांनी खाँसाहेबांना पुढे सांभाळले, एक दोन नव्हे, सतरा वर्षे. म्हातारे, भान नसलेले, परधर्माचे, परक्या मुलखातले एक माणूस त्या कोकणस्थ घराने आपल्या माणसासारखे जपले. 1922 मध्ये कुरुंदवाड येथे रहिमतखाँनी देह ठेवला.

आपल्या या गावात घराण्याचा अभिमान पुष्कळ आहे आणि तो असावा. 1918 साली माधव संगीत विद्यालय निघाले, तेव्हा ग्वाल्हेरच्या गाण्याला नवे घर मिळाले. पण त्याच वेळी हद्दूखाँचा मुलगा शेकडो मैलांवर कृष्णाकाठी एका सर्कसवाल्याच्या घरी आपले शेवटचे दिवस काढीत होता. यात कोणाला दोष द्यावा असे नाही. इतकेच दिसते की घराण्याचा वारसा दोन प्रकारे चालतो. एक चिजा आणि तानांचा, जो आम्ही शिकवतो आणि परीक्षेत तपासतो. दुसरा गुरूच्या घरी खाल्लेल्या मिठाचा. पहिल्या वारशात विष्णुपंतांचे नाव फार खाली येईल. गवई म्हणून ते गाजले नाहीत. दुसऱ्या वारशात त्यांच्या वर कोणाचे नाव लिहावे हे मला सुचत नाही.

पन्नाशीकडे झुकलेल्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. ज्यांच्याबरोबर आपण एकाच गुरूपुढे, एकाच बाकावर किंवा एकाच आखाड्यात बसलो, त्यांपैकी कोणीतरी आज कुठल्यातरी गावी अडचणीत असेल. त्याला काशीपर्यंत शोधत जावे लागेलच असे नाही. तो पुढच्या गल्लीतही असेल.